हिरामण मास्तरांचा दुसरा साक्षीदार

हिरामण मास्तरांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी लेले आहे हे मला सिद्ध करता आलं नाही.

नंदुरबार स्टेशनवर उतरलो होतो. अंगात नवा कोट, हातात छत्री, ट्रंकेवर पांढऱ्या रंगात माझं नाव आणि त्यापुढे बी. ए. ही दोन अक्षरं, नावापेक्षा अंमळ मोठी. तिथल्या हायस्कुलात संस्कृतचा शिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली होती आणि मला उतरवून घ्यायला शाळेचं कोणीतरी येणार होतं. फलाटावर एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. धोतर गुडघ्याच्या जरा खालीच संपलेलं, काळी टोपी मागे सरकलेली. मी पुढे होऊन म्हणालो, "मी लेले. नवा शिक्षक."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "कोण सांगतं?"

"मीच सांगतोय की!"

"ते झालंच. तुमच्याशिवाय दुसरं कोणी?"

मी ट्रंकेकडे बोट दाखवलं. ट्रंक कोणाचीही असू शकते, असं त्यांचं म्हणणं पडलं. नेमणुकीचा कागद काढला. तो त्यांनी उन्हात धरून वाचला आणि "सही हेडमास्तरांची दिसते खरी, पण कागद हरवतात, कोणाला तरी सापडतात" असं म्हणून परत दिला. माझ्यावर रडायची पाळी आली होती. तेवढ्यात माझ्याच डब्यातून उतरलेला एक शेतकरी डोक्यावर गाठोडं सावरत थांबला आणि म्हणाला, "मास्तर, तोच शे हाऊ. भुसावळपाईन बठ्ठासले सांगी ऱ्हायना, मी बी. ए. शे, मी बी. ए. शे. कान पिकनात आमना."

हिरामण मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. "हां, आता दोन झाले," ते म्हणाले. "या, लेले." आणि माझी ट्रंक स्वतःच्या खांद्यावर टाकून चालू लागले.

तर असे हे हिरामण मास्तर. इतिहास आणि भूगोल शिकवायचे. "कोण सांगतं? त्यानं पाहिलं का?" हे दोन प्रश्न त्यांच्या तोंडात कायम असत. दूधवाला म्हणाला, की म्हैस आटली, तर "कोण सांगतं?" शिपाई धावत आला, की मास्तर, तुमच्या खुर्चीखाली साप आहे, तर "तू पाहिलास, की कोणी सांगितलं?" शिपाई म्हणाला, की सखारामनं सांगितलं. मास्तर म्हणाले, की मग सखारामला बोलाव. सखाराम येईपर्यंत ते खुर्चीवरच बसून होते. टेबलावर चढून उभा होतो तो मी. सापाला साक्षीपुराव्याचं काही नसावं, तो आपला भिंतीकडेनं निघून गेला.

पहिल्या वर्षी इतिहासाचा एक वर्ग माझ्याकडेही दिलेला होता. माझी पद्धत सोपी होती. सनावळ्या मी चालीवर बसवल्या होत्या आणि मुलांकडून टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणवून घेत असे. माझ्या मते तो शिक्षणशास्त्रातला मोठा शोध होता. एक दिवस हिरामण मास्तर खिडकीशी येऊन ऐकत उभे राहिले आणि पाठ संपल्यावर मुलांसमोरच त्यांनी मला विचारलं, "लेले, ही लढाई त्याच साली झाली, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पुस्तकानं."

"आणि पुस्तकाला?"

"दुसऱ्या पुस्तकानं."

"आणि त्याला?"

मी म्हणालो, "अहो, हे सगळं आधीपासूनच ठरलेलं आहे!" मुलं हसली. वर्गात शेवटच्या बाकावर एक कुत्रं येऊन झोपत असे, तेही उठून बाहेर गेल्याचं मला आठवतं. पुढच्या आठवड्यात हेडमास्तरांनी तो वर्ग माझ्याकडून काढून हिरामण मास्तरांना दिला आणि मला जादा संस्कृत दिलं. संस्कृतात "कोण सांगतं?" असं विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्यांच्या वर्गातल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक वाक्य कायम लिहिलेलं असे, ते पुसायची कोणाला परवानगी नव्हती. "एकानं सांगितली ती गोष्ट. दुसऱ्यानं पाहिली ती बातमी. दोघांचं जुळलं नाही, की तिथून इतिहास." शेजारी जगाचा नकाशा. मास्तर रोज एखादी वस्तू टेबलावर ठेवत. कधी काड्यापेटी, कधी रॉकेलचा रिकामा डबा, कधी चहाची पुडी. मग विचारत, की ही इथवर आली कशी, कोणी आणली, आणि तिच्या बदल्यात इथून काय गेलं? मुलं नकाशावर बोटं फिरवत बसायची. एकदा वस्तू मिळाली नाही म्हणून त्यांनी माझा कोट नेला. नंदुरबारच्या जिनात सरकी काढलेला कापूस सुरतेवरून मुंबईला आणि तिथून बोटीत बसून विलायतेला कसा जातो आणि अस्तर होऊन लेले मास्तरांच्या पाठीला कसा चिकटतो, हे त्यांनी कोट उलटा करून दाखवलं. अस्तराला तीन ठिकाणी ठिगळं होती. ती कुठल्या देशाची, असं एका मुलानं विचारलं म्हणे.

मास्तर मूळचे धानोऱ्याचे, शेतकरी घरातले. नंदुरबारात भाड्याच्या दोन खोल्यांत म्हातारी आई आणि ते, एवढंच कुटुंब. लग्न केलेलं नव्हतं. धाकटा भाऊ होता, सुका. त्याचा विषय निघाला, की मास्तर म्हणत, "तो परदेशी आहे." आहे, असंच म्हणत. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन खरी हकीकत सांगितली. पहिल्या मोठ्या लढाईच्या वेळी सुका खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेला, तो परत आला नाही. सरकारनं बेपत्ता एवढंच कळवलं. लढाई संपून वीसएक वर्षं होत आली होती. सुका गेला, हे सगळ्या गावाला कळत होतं. पण मास्तरांच्या घरी ते कोणी उच्चारत नसे.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. घागरीवर लोटा, लोट्यावर डांगर, म्हणजे आपलं खरबूज. ज्याची घागर भरली नाही तो त्या जगात तहानलेला राहतो, असं म्हणतात. मास्तरांच्या घरी दर आखाजीला वडिलांची एकच घागर भरली जाई. दुसरी नाही. शेजारच्या बायका कुजबुजत, "बिचारा सुका. भाऊ एवढा शिकेल, आन् त्याले पानी बी देत नही." गावाचं मत असं, की मास्तरांना साक्षीदार मिळत नाही म्हणून ते अडून बसलेत. माझंही तेच मत होतं. आपल्या दोन प्रश्नांच्या हट्टापायी हा माणूस सख्ख्या भावाला तहानलेला ठेवतो, असं मला वाटे आणि त्यांच्या घरी आमरसाची तिसरी वाटी घेता घेता मला त्याचं फार वाईट वाटे.

आता माझ्या पतनाचा प्रसंग सांगतो. तो सांगितल्याशिवाय मास्तरांची पद्धत कळायची नाही.

हिवाळ्यात नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. मैदानंच्या मैदानं लाल मिरची वाळत घातलेली असते. एका सकाळी मी फिरायला गेलो असताना तिथे पडलो. नुसता पडलो नाही, तोंडावर पडलो, मिरचीच्या भर ढिगात. दोन दिवस डोळे उघडत नव्हते. तिसऱ्या दिवशी शाळेत आलो आणि शिक्षकांच्या खोलीत हकीकत सांगितली, की एक मस्तवाल बैल एका म्हातारीच्या अंगावर धावून येत होता, मी तिला बाजूला ओढलं आणि त्या धांदलीत माझा तोल गेला. हेडमास्तर "वा!" म्हणाले. हिरामण मास्तर म्हणाले, "कोण सांगतं?"

"मी! प्रत्यक्ष पाहिलेला! नव्हे, पडलेला!"

"म्हणजे गोष्ट झाली," ते म्हणाले आणि उठून वर्गावर गेले.

दुसऱ्या दिवशी कळलं, की त्यांनी वरच्या वर्गातल्या मुलांना घरचा अभ्यास दिला होता. विषय, लेले मास्तरांचं पतन. मुलं पथाऱ्यांवर गेली, टांगेवाल्याला भेटली, व्यापाऱ्याला भेटली, मिरची उलटी करणाऱ्या बायांना भेटली. शुक्रवारी भर वर्गात सगळ्यांच्या साक्षी वाचल्या गेल्या. मला मुद्दाम पहिल्या बाकावर बसवलं होतं, प्रमुख साधन म्हणून. टांगेवाल्याच्या मते माझ्यामागे कुत्रं लागलं होतं. व्यापारी म्हणाला, की मास्तर मिरची चोरायला आला असावा. आणि जिला मी वाचवलं होतं त्या म्हाताऱ्या बाईची साक्ष एका मुलानं तिच्याच शब्दांत वाचली. "बैल कथाईन उना? बकरीनं पिल्लू व्हतं. धोतरना सोगा चावी ऱ्हायनं व्हतं. मास्तर पळना आन् मन्ही मिरचीमां पडना. मीच त्याले हात धरीसन उठाडं. मन्ही मिरचीना पार भुगा व्हयना."

वर्ग पाच मिनिटं हसत होता. मास्तर हसले नाहीत. ते मुलांना म्हणाले, "हसू नका. लेले मास्तरांना बैल का दिसला, हे शोधा. करडू बैल होतं ते डोळ्यात होत नाही, सांगताना होतं. मोठमोठ्या राजांच्या बखरींतसुद्धा पुष्कळ करडं अशीच बैल झालेली आहेत." मला त्यातल्या त्यात राजांच्या पंक्तीला बसवल्याचं समाधान वाटलं.

पण एवढ्यावर थांबतील तर ते हिरामण मास्तर कसले! त्यांनी मूठभर मिरच्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "लेले मास्तर कशात पडले?" मिरचीत. "मिरची कुठली?" शेतातली. "त्याआधी कुठली?" बापाच्या शेतातली, आजाच्या शेतातली. मास्तर नकाशाकडे गेले, बोट पार पलीकडच्या गोलार्धात नेऊन ठेवलं आणि म्हणाले, की ही तिथली. फिरंग्यांनी जहाजातून आणली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी. मुलं थक्क झाली. एकानं विचारलं, "मास्तर, कोण सांगतं?" तेव्हा मास्तर एवढे खूश झाले, की त्यांनी त्याला बाजारातून गूळ आणून दिला. मग पाकशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात मिरची कुठे सापडते का ते बघायला मुलांना माझ्याकडे पाठवलं. मी चार रात्री जागून शोधलं. सापडली नाही.

त्या दिवसांत गावात स्वदेशीचं वारं होतं. विलायती कापड वापरायचं नाही, अशा शपथा मुलांनी घेतलेल्या होत्या. त्यांनी सरळ हिशेब केला. मिरची परदेशी, म्हणून मिरचीवर बहिष्कार! नंदुरबारात! सोमवारी शाळेच्या दारात पोरांच्या आया गोळा झाल्या. "मन्हा पोऱ्या दोन रोजपाईन ठेचाले हात लावत नही. काय शिकाडतस तुम्ही?" पाठोपाठ मिरचीचे व्यापारी आले. आमच्या मिरचीला फिरंगी म्हणणारा मास्तर आम्हाला नको, असं त्यांनी हेडमास्तरांना बजावलं. हेडमास्तर घाबरले. त्यांनी मला मध्यस्थी करायला सांगितलं, कारण मिरचीशी माझा निकटचा संबंध आला होता.

मी मुलांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "बाळांनो, माझ्याकडे बघा. मी एकादशी करतो. उपासाचं अन्न तरी शुद्ध देशी असतं की नाही?" मागून हिरामण मास्तरांनी शांतपणे विचारलं, "उपासाला काय खाता, लेले?" मी सांगत गेलो आणि ते नकाशावर बोट ठेवत गेले. बटाटा, त्या गोलार्धातला. शेंगदाणा, तिथलाच. रताळं, तेही. साबुदाणा मलायाच्या बाजूचा. शेवटी भगर तेवढी देशी निघाली. माझ्या पुण्याईची सगळी वर्षं अशी एका तासात समुद्रापार गेली.

मग मास्तर मुलांना म्हणाले, "मिरची आली, राहिली, आपल्या मातीत रुजली. आता तिला हाकलून काय मिळणार? ती आली कशी, कोणाच्या मेहनतीनं आली, आणि ती आणणाऱ्यांनी जाताना इथून काय नेलं, हे विचारा. कापड सोडलंत ते का सोडलंत, याचं उत्तर त्यात मिळेल. ठेचा खा आणि विचारा." मुलं घरी जाऊन ठेचा भाकरी जेवली. व्यापारी शांत झाले. त्यांच्यापैकी एकानं तर पुढे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, आपला माल सात समुद्र ओलांडून आल्याचं सांगायला सुरुवात केली.

या सगळ्याचा परिणाम असा झाला, की मुलांना शोधाचं वेडच लागलं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मास्तरांनी मोठा अभ्यास दिला. आपल्या भागातून जगात सगळ्यात लांब कोण गेलं, ते शोधा. जमलं तर त्याला वर्गात घेऊन या. अभ्यास देताना त्यांच्या डोक्यात काय होतं, मला माहीत नाही. बहुतेक काहीच नसावं. आपणच खणलेल्या खड्ड्यात माणूस पडतो तेव्हा त्याचं लक्ष नकाशाकडे असतं.

वर्गात खापर गावचा रहिमान नावाचा मुलगा होता. तो आपल्या काकाला घेऊन आला. उस्मानचाचा. नालबंद होते, घोड्याबैलांना नाल ठोकण्याचा धंदा. पांढरी दाढी, भरदार हात. मीही वर्गात जाऊन बसलो होतो. चाचांनी नकाशाकडे नुसतं पाहिलं, मग रहिमाननं त्यांना बसरा दाखवला. "हां, अठे," ते म्हणाले. "खेचरासना नाल ठोकाले गया व्हतू मी. पलटणसंगे." मुलं पुढे सरकली. चाचा रंगात आले. बोट, समुद्र, खजुराची झाडं, उन्हात तापलेली वाळू. मग म्हणाले, "आपला बाजूना एक पोऱ्या व्हता मन्हासंगे. धानोराना. सुका त्यान्हं नाव."

मुलांना सुका माहीत होता. चाचांना मात्र समोरचे मास्तर कोणाचे कोण, याची काही कल्पना नव्हती.

"नदीना काठवर त्याले ताप उना," चाचा सांगत होते. "मी देखं. मन्हा हातनी त्याले माती दिन्ही."

मी हिरामण मास्तरांकडे पाहिलं. सगळा वर्ग त्यांच्याकडेच पाहत होता. वीस वर्षांनी साक्षीदार आला होता, डोळ्यांनी पाहिलेला. मास्तरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि फळ्याच्या कोपऱ्यातल्या वाक्याकडे बोट दाखवलं.

"एकानं सांगितली ती गोष्ट," ते म्हणाले. "दुसरा साक्षीदार पाहिजे. तोवर हे कोणी लिहायचं नाही, आणि वर्गाबाहेर बोलायचं नाही. समजलं?"

चाचा गोंधळून उभे राहिले. "मी खोटं बोली ऱ्हायनू का, मास्तर?" त्यांनी विचारलं. मास्तर नकाशा गुंडाळू लागले. घंटा व्हायच्या आधीच वर्ग सुटला.

मला मात्र राहवेना. असा राग मला त्याआधी फक्त त्या करडाचा आला होता. शाळेमागच्या लिंबाखाली त्यांना गाठून मी चांगलं फैलावर घेतलं. म्हणालो, "मास्तर, ही हद्द झाली. साक्षीदार समोर उभा आहे. आणखी किती पाहिजेत तुम्हाला? दुसरा आला तर म्हणाल, की तिसरा पाहिजे. तिकडे भाऊ तहानलेला आहे!"

ते खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दुसरा?" ते म्हणाले. "लेले, दुसरा केव्हाच येऊन गेला. लढाई संपल्यावर दोन वर्षांनी. तिसराही आला होता, नवापूरचा. दोघांनी पाहिलं होतं. दोघांचं जुळलं. हे चाचा म्हणजे चौथे धरा."

"चौथे? मग पहिला कोण?"

"पहिला घरी आला होता. मायनं त्याला विचारलं, 'कोन सांगस? तू देखं का?' त्यानं पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. मायनं त्याला जेवू घातलं आणि वाटेला लावलं. मग जो येईल त्याला ती तेच विचारायला लागली. म्हणून पुढचे जे आले, पाहिलेले, त्यांना मी घरी येऊच दिलं नाही. स्टेशनवरूनच परत पाठवले."

गावाला वाटत होतं, की ते दोन प्रश्न मास्तरांचे आहेत. ते त्यांच्या आईचे होते. म्हातारीशी माझं कधी फारसं बोलणंच झालेलं नव्हतं. तिची अहिराणी मला कळत नसे आणि ताटात पुरणपोळी असली, की मला बोलायला वेळ नसे.

"तुम्ही वर्गात एवढं खरंखोटं करता..." मी म्हणालो.

"वर्गात करतो. घरी नाही करत." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "तो जिवंत आहे असं सांगणारं एकच माणूस उरलंय या जगात. तिची साक्ष मी कशी मोडू? उद्या मुलांनी हे गावभर सांगितलं, की बातमी दारातून आत येईल. घागर भरायची मलाही घाई आहे हो, लेले. माझ्याही घशाखाली आखाजीला पाणी उतरत नाही."

अशा वेळी म्हणायला एखादा श्लोक असायला हवा होता. मला बी. ए. करणाऱ्यांनी तो शिकवलेला नव्हता. मी नुसता त्यांच्याशेजारी बसून राहिलो आणि मुंग्यांवर बसलोय हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

मुलांनी शब्द पाळला. गावात काही फुटलं नाही. ती आखाजी एकाच घागरीची गेली.

पुढच्या थंडीत म्हातारी गेली. शेवटच्या दुपारी मी तिथे होतो. तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "सुका उना का रे?"

"येस शे, माय," मास्तर म्हणाले. "वाटवर शे."

"कोन सांगस?"

"मी सांगस."

आम्ही दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत होतो. तो तिनं विचारलाच नाही. "बरं," म्हणाली आणि मास्तरांचा हात धरून पडून राहिली.

आखाजीला मास्तरांनी मला जेवायला बोलावलं. गेलो तर ओसरीवर तीन घागरी. एक वडिलांची, एक आईची आणि एक नवी कोरी. तिन्हींवर डांगरं. पितर म्हणून जेवायला तीन माणसं बसवायची होती. वडिलांच्या जागी मी, कारण मी फुकट मिळण्यासारखा ब्राह्मण होतो. आईच्या जागी शेजारची म्हातारी. तिसरं ताट उस्मानचाचांसाठी होतं. मास्तर स्वतः खापरला जाऊन त्यांना घेऊन आले होते.

चाचा दारातच थबकले. "मास्तर, मी मुसलमान. लोके काय म्हनतीन?"

"तुम्ही त्याले माती दिन्ही," मास्तर म्हणाले. "तुम्हनापेक्षा त्याले जवळना कोन शे? बठा."

चाचा बसले. आमच्या पंगतीकडे बघून शेजारच्या ओसरीवर काही कुजबुज झाली, पण मोठ्यानं कोणी बोललं नाही. चाचांनी घास घेतला नाही. त्यांनी घागरीकडे पाहिलं आणि हळूहळू सगळं सांगायला सुरुवात केली. सुका कसा होता, खेचरांना अहिराणीत शिव्या कशा द्यायचा, रात्री आईच्या हातच्या भाकरीची आठवण कशी काढायचा. मास्तर ऐकत होते. मध्ये एकदाही "कोण सांगतं?" नाही, एकदाही "पाहिलं का?" नाही. त्यांच्या वर्गात एवढा शांत विद्यार्थी मी कधी पाहिला नव्हता.

चाचांचं संपलं. मास्तरांनी नव्या घागरीवरचा लोटा सरळ केला. मग विचारलं, "त्याले शेवटले पानी भेटनं का?"

"भेटनं, भाऊ. मन्हा हातनी पाजं."

मास्तरांनी मान हलवली. मी मनात म्हणत होतो, आता म्हणतील, दुसरा साक्षीदार पाहिजे.

"पुरे," मास्तर म्हणाले. "एक बस शे."

आणि त्यांनी तांब्या उचलला, आमच्यासमोर गटागटा पाणी प्यायले, आणि चाचांच्या ताटात पोळी वाढायला खाली वाकले.